काकांच्या वाट्याची ओळ
चिंचेने घासलेल्या पितळेचा वास आला की मला वडीगोद्रीची ती वरात आठवते. तीर्थपुरीच्या आमच्या बँडमध्ये जाड सुराचे दोन मोठे बाजे होते. एक वीस वर्षांपासून काका फुंकत होते, दुसऱ्यावर मी नवा. दोघांनी एकदम फुंकलं की गाणंच बुडायचं, म्हणून बँडमास्तरांनी ओळी वाटून दिल्या, एक काकांची, एक माझी. त्या साली काका दुखण्यातून उठून आले होते. भर उन्हात वरात वेशीपाशी आली आणि त्यांच्या ओळीला बाज्यातून नुसती हवा निघाली. मी पटकन त्यांचीही ओळ वाजवली, आणि मग शेवटपर्यंत वाजवतच राहिलो. नाचणाऱ्यांना काही कळलं नाही. मांडवात टेकल्यावर काका म्हणाले, "माझी ओळ तू कामून वाजवली?" "सूर तुटून राह्यल्ता, काका." "तुटू द्यायचा. लोकायला कळलं असतं, म्हातारा दमला. आता मास्तरला कळलं, म्हाताऱ्याबिगर बराबर चालतं." पुढच्या लग्नाला ते आले नाहीत, आणि मास्तरांनीही बोलावणं धाडलं नाही. मी मदतच करायला गेलो होतो, असं आजही मी स्वतःला सांगतो. पण त्या दोन्ही ओळी एकट्याने वाजवताना मला आनंद झाला होता, आणि तो काकांनी माझ्या तोंडावर पाहिला होता.