चोवीसची फ्रेम

आधी हातातले कप खाली ठेवा बघू. ही गोष्ट ऐकताना लोकांना हमखास ठसका लागतो आणि चहा माझ्या शर्टावर येतो. फजिती माझी, शर्टही माझाच, हे काय बरोबर नाही!

नव्वद सालानंतरची गोष्ट. मी तेव्हा शिरोली एमआयडीसीत एका फाउंड्रीत स्टोअरकीपर होतो. वय चाळीस, पोट वयाच्या थोडं पुढे. उंची? ती विचारू नका. बायको माझ्यापेक्षा दोन बोटं उंच आहे, एवढ्यावर काय ते समजून घ्या.

तर आमच्या फाउंड्रीतली चार-पाच मंडळी दर रविवारी सायकलवरून जोतिबाला जायची. एकदा डबा खाताना त्यांच्या बढाया ऐकून मी बोलून गेलो, "त्यात काय एवढं? पुढच्या महिन्यात मी बी येतो की!"

झालं. कोल्हापुरात चारचौघांत शब्द दिला की माणूस एक वेळ जग सोडेल, शब्द सोडत नाही. आता रेसर सायकल घेणं आलं. तीच ती, वाकड्या हँडलची आणि बोटाएवढ्या टायरची.

सायकल घ्यायला काय लागतं? रंग बघायचा, घंटी वाजवायची, घरी यायचं. अशा समजुतीत मी मेव्हण्याला, म्हणजे बंडूला, बरोबर घेतलं आणि निघालो.

पहिल्या दुकानात मुल्लाचाचा होते. त्यांनी मला खालपासून वरपर्यंत बघितलं. वर पोचायला त्यांना फारसा वेळ लागला नाही.

"फ्रेम कितीची पायजे?"

"फ्रेम?" मला फ्रेम म्हणजे फोटोची ठाऊक, नाहीतर चष्म्याची.

"सायकलचा सांगाडा वो. चपलंगत त्याला बी माप असतंय. टांगंवर ठरतंय ते. जरा पाय फाकवा."

आणि भर रस्त्यावर, येणाऱ्याजाणाऱ्यांच्या देखत, चाचांनी लाकडी पट्टी घेऊन माझ्या टांगेचं माप काढलं! वर ओरडून सांगितलं, "अठरा इंची घ्या!"

अठराची सायकल बघितली मी. तसली माझी पुतणी शाळेला न्यायची. मी तडक बाहेर पडलो.

दुसऱ्या दुकानातला मालक तरणा होता, पुण्याला राहून आलेला. तो हसला. "टांग कोण बघतंय आता, सर? उंचीवर घ्यायची असती फ्रेम." त्यानं मला भिंतीला उभं केलं आणि डोक्यावर पेन्सिलनं रेघ मारली. "बावीस!"

मी खूश. तेवढ्यात तो खाली वाकला. "टाचा टेकवा की, सर."

टेकवल्या. रेघ खाली आली. "वीस. पर विसाची संपलीया. बावीसच न्या, चालतंय!"

चालतंय कसं? मग माप काढलं कशाला? पण बंडू म्हणाला, "दाजी, तिसरं मत घिऊया." माणूस ऑपरेशनच्या आधी घेतो तसं.

तिसऱ्या दुकानात आप्पाण्णा होते. निपाणीकडचे, मराठी बोलायचे तेही कन्नड हेल काढून. आधीचे दोन्ही सल्ले ऐकून त्यांनी कपाळावर हात मारला.

"अय्यो! टांग न्हाई, उंची न्हाई. हात बघायचं!" त्यांनी माझं कोपर एका सायकलच्या सीटला टेकवलं आणि बोटं हँडलकडे ताणली. "हात केवढा लांब हाय हो तुमचा! राजाचा हात! चोवीस घ्या."

"मोठी न्हाई व्हय होणार?"

"मोठी असली तर सीट खाली करता येतंय. ल्हान फ्रेम ओढून मोठी करता येतंय काय?"

बास! तिथंच मी विरघळलो. माझ्या आईनं मला आयुष्यभर शाळेचे कपडे याच हिशेबानं घेतले होते. वाढत्या अंगाचे! फक्त एक गोष्ट त्या क्षणी कुणाच्याच लक्षात आली नाही. मी चाळिशीत होतो. माझं अंग वाढत होतं, पण आडवं.

आणि खरं सांगू? एकानं मला पुतणीची सायकल दाखवली, दुसऱ्यानं टाचा टेकवायला लावल्या, तिसऱ्यानं राजा म्हटलं. तुम्ही असता तर कुणाचं ऐकलं असतं?

रविवारी सकाळी मंगळवार पेठेजवळच्या मैदानावर मी आणि बंडू सायकल घेऊन गेलो. दांडी माझ्या कमरेच्या वर येत होती. मग मी कट्ट्यावर चढलो आणि कट्ट्यावरून सायकलवर बसलो, घोड्यावर नवरदेव बसवतात तसा. पॅडलला चामड्याचे पट्टे होते. बंडूनं माझे दोन्ही पाय त्यात घालून करकचून आवळले.

"पाय निसटायला नगोत, दाजी!" असं म्हणून त्यानं मागून ढकलून दिलं. "मारा राऊंड, मी जरा च्या पिऊन येतो."

पहिला राऊंड झकास गेला. काय ती उंची! लोकांची टकलं दिसायला लागली मला, जन्मात पहिल्यांदा!

दुसऱ्या राऊंडला उतरावं म्हटलं. आणि मग एकेक गोष्ट ध्यानात यायला लागली. ब्रेक हँडलच्या पार पुढच्या वाकात. राजाचा हात तिथवर पोचेना! पाय पट्ट्यात जाम. आणि पाय सुटले तरी काय? जमीन खाली कुठंतरी तळात. मधे ती लोखंडी दांडी. थांबलो तर कशावर थांबणार, या विचारानं घाम फुटला. काही गोष्टी माणूस सगळ्यांसमोर बोलू शकत नाही, तुम्ही समजून घ्या.

मी फिरत राहिलो. दुसरं करणार काय?

कट्ट्यावर बसलेल्या एका गृहस्थांनी बऱ्याच वेळानं हाक मारली, "पावणं, दमलासा की! थांबा की जरा!"

मी जीव तोडून ओरडलो, "थांबता येत न्हाई!"

इथं घात झाला! त्या काळात गावोगाव सलग सायकल चालवणारी माणसं यायची, आठवतंय? चौकात गोल गोल फिरायची, जेवण सायकलवर, आंघोळ सायकलवर, दिवस-दिवस खाली पाय टेकायचा नाही. त्या गृहस्थांनी शेजाऱ्याला सांगितलं, "विक्रम करायलाय गडी. थांबता येत न्हाई म्हणं. नियम हाय."

पुढच्या राऊंडला दहा माणसं उभी. त्याच्या पुढच्या राऊंडला पन्नास. कुठून तरी हलगी आली. हलगी आल्यावर गुलाल यायला कितीसा वेळ? एक पैलवान दूधकट्ट्यावरचं, समोर म्हैस पिळून देतात ते ताजं दूध घेऊन माझ्याबरोबर पळायला लागला. "घ्या, घ्या, ताकद येईल!" मी "धरा मला!" म्हणायला तोंड उघडलं की हा गडी त्यात दूध ओतायचा!

एवढ्यात बंडू दिसला. जिवात जीव आला. "बंड्या, उतरव मला!"

तो शेजारून पळत, कानाशी येऊन म्हणाला, "दाजी, आता न्हाई! नगरसेवक यायलेत! माझ्या इज्जतीचा सवाल हाय!" आणि गर्दीकडे तोंड करून ओरडला, "आमचं दाजी हायत!"

मग बायको आली. दळण आणायला बाहेर पडलेली, डोक्यावर डबा. "अहो, हे काय चाललंय? उतरा की खाली!"

सगळं मैदान तिच्यावर तुटून पडलं. "वैनी, नगा मोडू त्यांचा नेम!" कुणीतरी तिला खुर्ची दिली. तीही बसली! डबा मांडीवर घेऊन, पुढच्या रांगेत.

नगरसेवक आले, माइक आला. त्यांनी हार टाकला तो माझ्या गळ्यात न पडता पुढच्या चाकात गेला. चाक गच्चकन अडकलं. पट्टे तुटले, सायकल मागं राहिली आणि मी हवेतून सरळ नगरसेवकांच्या अंगावर! दोघंही खुर्च्यांसकट आडवे. टाळ्यांचा नुसता कडकडाट!

त्यांनी धोतर झटकलं, मला उभं केलं आणि माइक माझ्या तोंडाशी धरला. "बोला. एवढं अवघड काम कसं काय जमलं?"

खोटं बोलण्याइतकं त्राणच उरलं नव्हतं. मी म्हटलं, "आवो, फ्रेम मोठी हाय. मी ल्हान हाय."

नगरसेवकांचे डोळे पाणावले. "ऐकलासा? एवढं करून बी म्हणत्यात, मी ल्हान हाय! ह्याला म्हणत्यात मोठेपणा!"

मला खांद्यावर घेऊन घरापर्यंत मिरवणूक निघाली. बायको मागून दळण घेऊन चालत होती. घरात शिरल्यावर तिनं दार लावलं आणि एवढंच विचारलं, "चप्पल घेताना पायात घालून बघतासा न्हवं?"

दुसऱ्या दिवशी तीच मला आप्पाण्णांच्या दुकानात घेऊन गेली. ना टांगेचं माप, ना हाताचं. एकेका सायकलवर मला बसवायची आणि माझ्या पायांकडे बघायची. विसाच्या फ्रेमवर दोन्ही पाय जमिनीला टेकले. "हीच द्या," म्हणाली. आप्पाण्णांनी चोवीसची आनंदानं बदलून दिली. का देणार नाहीत? तुटक्या पट्ट्यांसकट त्यांनी ती दुकानाच्या दारात टांगली. बघायला लोक यायचे!

त्या विसाच्या सायकलवर मी जोतिबाला जाऊन आलो बरं का. निम्मा चढ ढकलत, पण गेलो. त्या तोऱ्यात एका संध्याकाळी पुन्हा त्याच मैदानावर चक्कर मारायला गेलो. ब्रेक दाबला, दोन्ही पाय ऐटीत टेकवले. कट्ट्यावर एक म्हातारबुवा बसले होते. त्यांनी माझ्याकडे, मग सायकलकडे बघितलं आणि मान हलवली.

"पावणं, सायकल शिकायलाय व्हय? शिका, शिका. पर मागं हितं एक गडी फिरलाता, तसा हुणं न्हाई तुमच्यानं. काय त्याची उंची! ह्यो असा, ताडागत गडी!"

मी सायकल कट्ट्याला टेकवली.

म्हटलं, "व्हय मामा, मी बी आलतो बघायला."