थ्री-नॉट-थ्रीचा अडलेला बोल्ट

शारजात राहून दुबईत नोकरी करणाऱ्यांचं निम्मं आयुष्य रस्त्यात जातं. मी त्यातला नाही, आणि हे ओळखीपाळखीच्यांना वरचेवर ऐकवण्याची मला खोड आहे. सकाळी सगळी शारजा दुबईच्या दिशेने तुंबलेली असते, तेव्हा माझी गाडी उलटीकडे, वाळवंटाच्या बाजूला मोकळी धावत असते. थंडीत तिकडे दाट धुकं उतरतं. कुंपणापलीकडचे उंट पाय नसल्यासारखे तरंगताना दिसतात आणि आपण जागे आहोत की अजून उशीवरच, याचा पत्ता लागत नाही. त्या रस्त्याच्या शेवटी नेमबाजीचा एक क्लब आहे. क्लबच्या मागच्या अंगाला, दोन कुलपांच्या आत, माझी कामाची खोली आहे.

मी फौजेत आर्मरर होतो, म्हणजे बंदुकांचा डॉक्टर. पेन्शन घेऊन साताऱ्याला परतलो, घरात माझं कुणाला काही काम उरलेलं नाही हे पाहिलं आणि इकडे आलो, मागून बायको आणि मुलगी. इथे सभासदांनी उडवलेल्या काडतुसांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या माझ्याकडे येतात. त्या साफ करायच्या, पुन्हा मापात आणायच्या, बुडाला बार पेटवणारी नवी टोपी, नवी बारूद, नवी गोळी बसवायची. साफ करायला एक फिरतं पिंप आहे. अक्रोडाच्या कवचाच्या भुशात पुंगळ्या त्यात घोळत राहतात आणि लांबच्या समुद्रासारखा आवाज करतात. दुपारी तो आवाज ऐकत डोळे मिटून बसणं हे माझ्या नोकरीतलं खरं सुख. क्लब चालवणाऱ्या साहेबांना ते ठाऊक आहे, ते बूट वाजवत येतात.

बार उडतो तेव्हा पितळ फुगतं आणि रायफलीच्या नळीला आतून घट्ट धरून बसतं. मग किंचित आकसतं आणि सुटतं. हे धरणं आणि सोडणं नीट झालं, तर नळीचं मागचं तोंड बंद करणारा दांडीचा बोल्ट बोटाने उघडतो. आत दाब वाढला, तर टोपी चपटी होते, पुंगळीच्या बुडावर बोल्टचा चकचकीत ठसा उठतो आणि बोल्ट उघडायला तळहाताचा तडाखा मारावा लागतो. असं झालं की प्रत्येक सभासद एकच म्हणतो, मास्तरने बारूद जास्त घातली. माझ्या तराजूवर इतक्या वेळा खापर फुटलं आहे की आता मी रागवायचंही सोडलं आहे. म्हणजे, तोंडावर.

आणखी एक सांगायला हवं. साथीच्या वर्षी मला आजार झाला. ताप गेला, खोकला गेला, वास गेला तो मात्र आलाच नाही. मला कशाचाच वास येत नाही. फोडणी करपली तरी धूर दिसल्यावर कळतं. स्वप्नात तेवढा येतो. रायफलीच्या तेलाचे पत्र्याचे डबे, आईच्या हातच्या तळलेल्या कुरडया, धोब्याकडून आलेला युनिफॉर्म. सकाळी उठलो की नाकात काही नसतं, आणि मला फार वाईट वाटतं.

तर त्या क्लबात एक म्हातारा इमाराती सभासद होता. मी त्याला बाबा म्हणायचो, तो मला उस्ताद. इथल्या जुन्या पिढीतल्या लोकांसारखं त्याला छान हिंदी यायचं. त्याच्याकडे वडिलांची थ्री-नॉट-थ्री रायफल होती. आपल्याकडे जुन्या पोलिसांच्या खांद्याला असायची तीच. हिवाळ्यात दर आठवड्याला तो यायचा, मोजक्या गोळ्या झाडायचा आणि चहा पिऊन जायचा. कुठल्या स्पर्धेत उतरायचा नाही. त्याची नजर जात चालली होती. उजव्या डोळ्यात मधोमध डाग वाढत होता.

"ये ठंडी आखिरी है, उस्ताद," तो म्हणाला होता. "अगले साल निशान नहीं दिखेगा."

त्या वर्षी खंडेनवमीला मी नेहमीसारखी हत्यारांची पूजा केली. दुबईतल्या अल मनखूलच्या दुकानातून झेंडूची फुलं आणली होती. काडतुसं भरायच्या यंत्राला हळदकुंकू लावलं, फूल ठेवलं. बाबा दारात उभा राहून पाहत होता.

"ये क्या है?"

"बाबा, आज औजारों का त्योहार है."

तो आत आला, यंत्रावर हात ठेवून बराच वेळ उभा राहिला. मग चहा न पिताच निघून गेला. मला वाटलं, बुजुर्ग माणूस, त्याला हे पटलं नसेल.

त्यानंतरच्या आठवड्यापासून त्याच्या रायफलीचा बोल्ट अडायला लागला. बार झाला की बाबा दांडी उचलायला जायचा आणि ती हलायची नाही. शेवटी मी जाऊन तळहाताने ठोकायचो. पुंगळ्यांच्या बुडावर चकचकीत ठसे. गेल्या हिवाळ्यात यातलं काही नव्हतं.

माशी कुठे शिंकली ते सापडेना. तराजू तपासला, बरोबर होता. बारूद कमी केली, तरी तेच. काडतुसं गाडीत तापली म्हणावं, तर ती माझ्या खोलीच्या थंडाव्यातून थेट बाबाच्या टेबलावर जात होती. वापरून वापरून पुंगळ्यांची मान लांबली असेल म्हणून सगळ्या मापल्या, लांबलेल्या कापल्या. नव्या कोऱ्या पुंगळ्या मागवल्या. तरी तेच. राहिली रायफल. इतकी जुनी रायफल, तिचं लोखंडच थकलं असेल तर कुणी काय करायचं?

साहेबांनी मला बोलावलं. ते गोरे, सरळ माणूस.

"लुक," ते म्हणाले, "तू सही देशील तर ती रायफल चालेल. नाही दिलीस तर तिची नळी बुजवून द्यायची, आणि ती भिंतीवर. हा महिना संपायच्या आत मला सांग. त्याच्या चेहऱ्यापासून वीतभर अंतरावर फुटली तर?"

सही द्यावी तर म्हाताऱ्याच्या तोंडाशी खेळ. न द्यावी तर त्याच्या शेवटच्या हिवाळ्यात त्याच्या वडिलांची रायफल मी माझ्या हाताने बुजवायची. त्या दिवसांत मी पिंपाच्या आवाजाला डोळे मिटून बसायचो, पण डोळ्यांपुढे ती रायफलच यायची.

एक गोष्ट मात्र खटकत होती. मी रायफल शिकंज्यात अडकवून, लांबून दोरी ओढून, तीच काडतुसं उडवली की बोल्ट अलगद उघडायचा. बाबाच्या हातून उडाली की अडायचा. बाबा काडतूस भरण्याआधी प्रत्येकाला रुमालाने पुसायचा. पाठ माझ्याकडे, ओठ हलत असायचे. कुणी आपल्या देवाशी बोलत असताना पाहू नये म्हणून मी नजर दुसरीकडे वळवायचो.

त्या आठवड्यात एका दिवशी दुपारभर मी बाबाच्या त्या दिवशीच्या पुंगळ्या भिंगाखाली पाहत बसलो आणि तसाच घरी आलो. जेवताना बायकोने ताट पुढे केलं आणि माझं मनगट धरलं.

"अहो, हाताला अत्तर कुणाचं लावून आलात?"

"कसलं अत्तर?"

"मला विचारताय? बोटांना घमघमाट येतोय ऊदाचा. नाक तुमचं गेलंय, माझं नाही."

मुलगी मोबाइलमधून डोकं वर न काढता म्हणाली, "पप्पा, यू स्मेल लाइक द मॉल. लिटरली."

"दिवसभर पुंगळ्यांना हात लावतोय मी. पितळेला कसलं अत्तर असतंय?" मी म्हणालो, आणि तोंडातला घास तोंडातच राहिला.

इथे ऊदाचा वास म्हणजे हवाच. लिफ्टमध्ये असतो, बँकेत असतो, बाबाच्या कपड्यांना तर असतोच असतो. त्यामुळे क्लबात कुणाला त्यात वेगळं काही वाटलं नव्हतं, आणि ज्याला वाटायला हवं होतं त्याला नाक नव्हतं. बाबाचा तो रुमाल काडतुसं पुसत नव्हता, त्यांना अत्तर लावत होता. ऊदाचं अत्तर म्हणजे तेल. तेल लागलेलं पितळ भिंतीला धरत नाही. निसटून मागे येतं आणि सगळा धक्का बोल्टवर. फौजेतल्या पहिल्याच महिन्यात प्रशिक्षकाने शिव्या घालून शिकवलेली गोष्ट होती ही. बायको अजून उत्तराची वाट पाहत होती. मी तिला बाबाबद्दल सांगितलं आणि उठून तिचा हात हातात घेतला, मुलीने "पप्पा, प्लीज" म्हणून तोंड फिरवलं.

दुसऱ्या दिवशी खात्री करून घेतली. रायफल शिकंज्यात, हातात दोरी. कोरडं काडतूस उडवलं, बोल्ट बोटाने उघडला. मग एकाला किंचित तेल चोळलं. बोल्ट असा अडला की मला ठोकावा लागला. त्या तडाख्याने माझा तळहात झिणझिणला आणि मला इतका आनंद झाला की डोळ्यांत पाणी आलं. मग ती जुनी रायफल पुन्हा मापं लावून तपासली, बोल्ट, नळी, सगळं. थोडी झिजली होती, पण धडधाकट होती. साहेबांकडे जाऊन मी सही केली.

बाबाला सांगणं बाकी होतं. ते सहीपेक्षा जड होतं. चहाचा कप त्याच्या हातात देऊन मी म्हणालो, "बाबा, कारतूस को ऊद मत लगाओ. बंदूक को नुकसान होता है."

त्याने कप खाली ठेवला.

"तूने उस दिन मशीन को टीका लगाया," तो म्हणाला. "मुझे मेरा बाप याद आया. मैं छोटा था. वो खाली कारतूस मेरे हाथ में देता था, गरम. उसमें से ऊद की खुशबू आती थी. मैं भूल गया था, उस्ताद. तेरे फूल से याद आया. तो मैंने सोचा, वो भी लगाता होगा."

मी त्याची रायफल वाचवत होतो आणि त्याच वेळी त्याचा बाप काढून घेत होतो. मग मी म्हणालो, "बाबा, अत्तर अपने हाथ पे लगाओ. कारतूस मैं भरूँगा. सूखा."

"इन्शाल्ला," तो म्हणाला, पण त्यात जीव नव्हता.

पुढच्या फेरीला धुकं दुपारपर्यंत विरलं नव्हतं. बाबाने मनगटावर आणि तळहाताच्या मागे अत्तर चोळलं. मी काडतूस कोरड्या फडक्याने पुसून स्वतः भरलं आणि बाजूला झालो. त्याने बराच वेळ निशाण शोधलं. डोकं थोडं तिरकं करून, डागाच्या कडेने पाहत असावा. बार झाला. त्याने एका बोटाने दांडी उचलली, बोल्ट मागे आला, पुंगळी टणकन सिमेंटवर पडली. मी ती उचलून त्याच्या तळहातावर ठेवली.

गरम पुंगळी मुठीत धरून त्याने मूठ नाकाशी नेली आणि तो थांबला.

मी दुर्बिणीला डोळा लावला होता. गोळी पाटीच्या खालच्या कडेला लागली होती. ते सांगायला वळलो, तर म्हातारा रडत होता.

"उस्ताद, यही है," तो म्हणाला. "कारतूस पे नहीं लगाता था वो. हाथ पे लगाता था. मेरी माँ को बारूद की बू अच्छी नहीं लगती थी. इसलिए निशाना लगाने से पहले ही लगा लेता था."

त्याने मूठ माझ्या नाकापुढे धरली. मला काही आलं नाही. नुसती उष्णता लागली.

"खुशबू है?"

"है, बाबा," मी म्हणालो.

ती पुंगळी त्याने मलाच दिली. परतीच्या रस्त्याला समोरून दुबईहून येणाऱ्यांची रांग लागली होती, त्यांचे पांढरे दिवे धुक्यात विरघळत होते. मी गाडी हळू चालवली. घरी पोहोचलो, बायकोने दार उघडलं आणि मी चपला न काढताच ती पुंगळी धरलेला हात पुढे केला.

तिने वास घेतला. मग पुन्हा एकदा घेतला.

"बारूद," ती म्हणाली. "आणि तुमचा तो म्हातारा."