दोन हात न्हाणी

आमचं गाव चामोर्शीहून मार्कंड्याला जाणाऱ्या गाडीरस्त्याला लागून. घरामागं न्हाणी म्हणजे तीन बाजूंनी बांबूचे तट्टे आणि खाली एक फरशी. लग्न होऊन सात वर्षं मी तिथं पाठीतून वाकून आंघोळ करत होते, कारण बैलगाडीवर बसलेल्या माणसाला तट्ट्यावरून सगळं दिसतं.

त्या साली आमच्या मास्तरांनी, म्हणजे माझ्या नवऱ्यानं, मागं मातीच्या भिंती घालायचं काढलं. जागा सहा हात. त्यातले चार हात त्यांच्या कपड्यांच्या कोठीला, दोन हात न्हाणीला. कपडे किती? तीन धोतरं, चार सदरे आणि साहेब शाळा तपासायला येतो त्या दिवशी घालायचा एक कोट. कोटाला चार हात आणि बायकोला दोन! माझं डोकंच फिरलं. महिनाभर आमचा तोच वाद चालला होता.

"अंगावर पाणी घ्यायले जागा लागते किती?" ते म्हणाले. "मी विहिरीवर उभ्या उभ्या आंघोळ करतो."

"तुमाले लुगडं बदलवा लागते काय?"

"त्यात काय मोठं?"

"मंग करून दाखवा."

माणूस गणिताचा. करून दाखवा म्हटलं की मागं हटायचा नाही. दुपारी त्यांनी धोतरावरून माझं जुनं लुगडं गुंडाळलं. त्यांनी दोन हातांवर सुतळी बांधलीच होती, तिथं मी भिंत म्हणून खाट उभी केली. मग त्यांच्या अंगावर दोन तांबे गार पाणी ओतलं, हातात कोरडं लुगडं दिलं आणि मी स्वयंपाकघराच्या दारात येऊन बसले. त्या दिवशी मार्कंड्याला शिवरात्रीची जत्रा आहे आणि गाड्या दुपारीच निघतात, हे मला माहीत नव्हतं असं नाही.

आत धडपड सुरू झाली. कोपर खाटेवर आदळलं, गुडघा तट्ट्यावर, कोरडं लुगडं चिखलात. मी तोंडात पदर कोंबून हसत होते. तेवढ्यात रस्त्यावर घुंगरं वाजली.

मास्तर मटकन खाली बसले. बाहेर यावं तर अंगावर लुगडं, आणि गाड्यांवर त्यांच्याच शाळेतल्या पोरांचे बाप. एकामागं एक गाड्या जात राहिल्या. माझं हसू हळूहळू आटलं.

शेवटची गाडी गेल्यावर आवाज आला, "तो लाल फेट्यावाला मान उंच करू करू पाहून राह्यला होता."

"पाहतेत."

"रोज?"

"गाडी गेली का पाहतेत. म्हणून तं वाकून बसा लागते मले."

खाटेमागूनच ते म्हणाले, "सांगतलं काऊन नाई?"

"महिन्यापासून काय सांगून राह्यली होती मी?" माझा आवाज चढला आणि डोळ्यांत पाणीही आलं. राग सात वर्षांचा होता.

ते तसेच ओल्या लुगड्यात, कुडकुडत बाहेर आले. सुतळीची खुंटी उपटली आणि पार सहाव्या हातावर नेऊन ठोकली.

"अन् कोठी?" मी विचारलं.

"राहू दे."

गवंड्याला भिंत डोक्यावर दोन हात उंच घ्यायला त्यांनीच सांगितलं. न्हाणी झाली त्या दिवशी मी आत गेले, कडी लावली आणि ताठ उभी राहिले. किती वेळ अंगावर पाणी घेतलं कोण जाणे. बाहेरून मास्तर ओरडत होते, "शाळेची वेळ झाली, मले जेवाले कोण वाढते?"

मी आणखी एक तांब्या ओतून घेतला.