आटवलेलं पाणी

आवडाबाईंच्या घरी पाणी उकळायला लागले ते माझ्या सांगण्यावरून. हे आधीच कबूल करून टाकतो, म्हणजे माझ्या शहाणपणाबद्दल कुणाचा गैरसमज नको.

डोंबिवलीत कारखान्यांच्या कुंपणाला लागून त्यांचं गाव. गाव म्हणायचं ते जुन्या सवयीने. आता तिथे चाळी, गॅरेजं आणि मध्येच एखादी सात मजली इमारत. तशाच एका इमारतीत तळमजल्यावर मी राहतो, आणि माझ्या खिडकीसमोर आवडाबाईंचं अंगण. मी पालिकेच्या शाळेत पस्तीस वर्षं विज्ञान शिकवलं. त्यांची भातशेती कारखान्यांखाली गेली. उरल्या तुकड्यावर चार खोल्या आणि एक बोअर. बाई धिप्पाड, आवाज असा की भाजीवाल्याची विचारपूस केली तरी गल्लीला भांडण वाटावं.

अठरा वर्षांपूर्वी गावात काविळीची साथ आली, त्यात त्यांचा नवरा गणू गेला. भावना, त्यांची एकुलती एक मुलगी, तेव्हा नऊ वर्षांची होती. दहाव्याला मी भेटायला गेलो आणि मास्तरकी केली. म्हटलं, "पाणी वीस मिनिटं उकळायचं. मग भीती नाही. नक्की." काविळीपुरतं ते खरंच होतं.

त्या दिवसापासून चुलीवरचं पातेलं उतरलं नाही. चूल गेली, गॅस आला, पातेलं तेच. त्यात बाईंनी आपल्या सासूची रीत मिसळली. आजारी माणसाला आणि बाळंतिणीला द्यायचं पाणी त्या पाव हिश्शावर येईपर्यंत आटवायच्या, आत सोन्याची अंगठी टाकून. मी त्याचंही कौतुक केलं. जुन्या लोकांना किती कळायचं वगैरे आपण बोलतो ना, तसं.

भावना लग्न होऊन बाळकुमला गेली आणि बाळंतपणाला सातव्या महिन्यात माहेरी आली. जावई विकी काळजी घेणारा. त्याने बाटलीबंद पाण्याचे जार पाठवले. बाईंनी ते भांडी घासायला वापरले. "प्लास्टिकमधला पानी माझ्या पोरीला?" हे त्यांनी विकीला फोनवर विचारलं आणि आम्ही सगळ्यांनी ऐकलं. भावना शेवटपर्यंत आटवलेलं पाणीच प्याली.

मुलगी झाली, दोन किलोच्याही आत भरली. भावनाच्या थायरॉइडचे आकडे बिघडले. आवडाबाईंनी त्यांच्याकडे होता तो उपाय वाढवला. दिवसातून दोनदा पाणी आटू लागलं.

त्याच सुमारास संचिता आली. माझी जुनी विद्यार्थिनी, आता एका प्रयोगशाळेत पाण्यावर काम करते. गावातल्या बोअरच्या पाण्याचे नमुने घेत होती. आवडाबाईंच्या अंगणात मीच तिला नेलं. तिने बोअरची बाटली भरली, तर बाई पातेलं घेऊनच बाहेर आल्या.

"ह्यातला ने गो बाय. बोरचा कशाला? ह्यो आटवलेला हाय, चोख."

संचिताने दोन्ही घेतलं. आपलं पाणी गावात पहिलं येणार, अशा तोऱ्यात बाई आठवडाभर वावरत होत्या.

अहवाल आल्यावर संचिताने आधी मला फोन केला. फॉरेव्हर केमिकल्स, म्हणाली. तव्याला काही चिकटू नये, कापडाने पाणी धरू नये म्हणून वापरतात तसली रसायनं. ती मोडत नाहीत, कुजत नाहीत, जमिनीत उतरली की उतरली. कुठून आली ते सिद्ध व्हायचं होतं, आणि ते व्हायला किती वर्षं लागतील ते आपल्याला ठाऊक आहेच. बोअरच्या पाण्यात ती होती. पातेल्यातल्या पाण्यात जवळजवळ चौपट.

मी म्हटलं, "अगं पण त्या उकळतात."

"सर, म्हणूनच. वाफ होते ती पाण्याची. हे खालीच राहतं."

चौथीच्या पोराला कळावं इतकं सोपं होतं. समुद्राचं पाणी आटवलं की मीठ उरतं, हे मी पस्तीस वर्षं फळ्यावर लिहिलं होतं.

त्या संध्याकाळी मी माझ्या घरी पाण्याचा जार मागवला. आवडाबाईंना मात्र सांगितलं नाही. आज सांगू, उद्या सांगू, भावनाची तब्येत जरा सावरू दे. असे आठ दिवस गेले. आठही दिवस समोरच्या स्वयंपाकघरातून वाफ येताना मी पाहत होतो. भ्याडपणाला दुसरा शब्द नाही.

नवव्या दिवशी संचिता स्वतः आली, तेव्हा तिच्यामागून गेलो. तिने नीट समजावलं. उकळणं बंद. तुरटीने, गाळण्याने ते जात नाही. फिल्टर विकणारे पाण्यात बुडवून दाखवतात त्या मीटरवर दिसतही नाही. आरओ बसवा, त्याचा फिल्टर तारखेला बदला, त्यातून वाया जाणारं पाणी स्वयंपाकाला घेऊ नका. अंगावरचं दूध मात्र डॉक्टरांना विचारल्याशिवाय तोडू नका. बाळाचं वजन ह्यानेच कमी भरलं का, ते कुणीच सांगू शकणार नाही.

बाईंनी सगळं ऐकून घेतलं. मग विचारलं, "अंगान गेलेला कवा निघतो?"

"वर्षं लागतात, मावशी. निम्मं व्हायलाच काही वर्षं."

"म्हंजे मीच पाजला."

"तुम्हाला माहीत नव्हतं," मी म्हणालो.

"तुमाला कवा कलला, मास्तर?"

"आजच," मी म्हणालो. संचिता माझ्याकडे बघत राहिली.

विकीने आरओ बसवून दिला आणि त्याच आठवड्यात बायकोला, मुलीला बाळकुमला घेऊन गेला. त्याचा राग मला पटला. पातेलं माळ्यावर गेलं. आवडाबाईंचा आवाज मात्र कुठे गेला ते कळेना. भाजीवाला दारात उभा राहून निघून जायचा. आमच्या इमारतीची बोअरही त्याच जमिनीतली, पण आमच्या मीटिंगमध्ये पार्किंगचा विषय संपल्याशिवाय पाण्याचा निघत नाही.

गेल्या महिन्यात भावना लेकीला घेऊन पहिल्यांदा परत आली. पोर सहा महिन्यांची, अजून हलकीच. आवडाबाई भाकरतुकडा आणि तांब्या घेऊन उंबऱ्यावर आल्या. तुकडा ओवाळून टाकला. पायांवर घालायला तांब्या उचलला आणि हात तिथेच थांबला.

मी खिडकीतून हाक मारली. "घाला, आवडाबाई. पायावर घातल्याने काही होत नाही."

त्यांनी मान वर केली. "मास्तर, ह्या तुमाला नक्की म्हाईत हाय?"

भावनाही माझ्याकडे बघू लागली, लेकीला छातीशी धरून. मला पुस्तकातलं सगळं आठवत होतं आणि तोंडातून एक 'हो' निघत नव्हता.

आवडाबाईंनी तांब्या खाली ठेवला आणि बाजूला होऊन वाट दिली. नात कोरड्या पायांनी घरात गेली.