आमच्या पिशव्यांचा मासा

सासरचं कापडाचं दुकान हुबळीच्या बाजारात, घर केशवापूरला. मी धारवाडच्या एका कॉलेजात चित्रकला शिकवते. तिथं समुद्रातल्या कचऱ्यावर प्रदर्शन ठरलं, तेव्हा प्राचार्य म्हणाले, "समुद्र इथं कुठं आहे हो? चार चित्रं लावा, पुरे."

मी विद्यार्थ्यांना घेऊन शाल्मलेच्या पात्रात उतरले. ही नदी धारवाडातच उगम पावते आणि पुढं घाट उतरून समुद्राला मिळते. काठच्या झुडपांतून पोत्यांनी प्लॅस्टिक निघालं. गोकुळ रोडच्या एका वेल्डरकडून बैलगाडीएवढा लोखंडी मासा करून घेतला, पोटाला जाळी बसवली आणि सगळा कचरा धुऊन आत भरला. भरताना आमच्याच दुकानाच्या पिशव्या हाताला लागायला लागल्या. लाल अक्षरांत नाव, खाली पत्ता. त्या मी मुद्दाम बाहेरून दिसतील अशा लावल्या.

उद्घाटनाला अण्णा, म्हणजे माझे सासरे, आले होते. माशाजवळ गेले, वाचलं, आणि चहा न घेताच निघाले. घरी म्हणाले, "आमचंच नाव मिळालं होय तुला?"

"नदीत मिळालं, अण्णा."

"पिशव्या उलट्या करून लाव. नाव आत जाऊ दे."

"नाही लावणार."

नवरा म्हणाला, "एवढं ऐकलंस तर काय बिघडतं?" मी त्यालाही नाहीच म्हटलं.

दुसऱ्या दिवशी प्राचार्यांनी बोलावलं. अण्णांचा फोन आला असणार. "नाव झाका, नाहीतर मासा हलवा," म्हणाले. मी हलवला. टेम्पोत घालून केशवापूरला आणला आणि आमच्या फाटकाशेजारी, रस्त्याकडं तोंड करून उभा केला. दोर मीच सोडले.

येणारेजाणारे थांबायला लागले. समोरच्या बाईंनी कानडीत विचारलं, हे काय म्हणून. मी कानडीतच सांगितलं, "आमच्या दुकानातला माल आहे अक्का. समुद्राकडं निघाला होता."

अण्णांनी माझ्याशी बोलणं सोडलं. काही दिवसांनी दुकानात नव्या पिशव्या आल्या. प्लॅस्टिकच्याच, फक्त त्यांच्यावर नाव छापलेलं नव्हतं. त्यातली एक मी घरी आणली, लाल रंगानं तिच्यावर दुकानाचं नाव लिहिलं आणि अण्णा व्हरांड्यात बसलेले असताना जाळीत अडकवली.

"किती लिहिशील?" त्यांनी विचारलं.

"तुम्ही पिशव्या देताय तोवर," मी म्हटलं, आणि ब्रश धुवायला नळावर गेले.