टिपणीस बाई खुर्ची देत नसत

टिपणीस बाई पाहुण्याला खुर्ची देत नसत. केंद्रात खुर्च्या नव्हत्या असं नाही. वेताच्या चांगल्या दोन होत्या आणि त्यांवर बाई मुद्दाम कपड्यांचे गठ्ठे ठेवत. दानशूर माणूस उभा राहिला की लवकर जातो, असा त्यांचा अनुभव होता. "बसला की तो हळवा होतो," त्या म्हणत, "आणि हळवा झाला की फोटो काढतो."

मी पहिल्यांदा गेलो तो केळी घेऊन. केंद्र होतं दिल्लीत, सरोजिनी नगरच्या बाजारामागे, एका बारातघराच्या मागच्या दोन खोल्यांत. पुढे लग्नं लागत, मागे बाईंची माणसं काम करत. ज्यांची समज वयाबरोबर वाढली नाही अशी ही मोठी माणसं. बाजारात तेव्हा एक्सपोर्टमधून नापास झालेल्या शर्टांचे ढीग येऊन पडायचे. त्यांचे लोंबणारे धागे कापायचे, बटणं लावायची, घड्या घालून माल दुकानदाराला परत द्यायचा, असं त्यांचं काम. मी एका मंत्रालयात सेक्शन ऑफिसर आणि आमच्या मराठी मंडळाचा सांस्कृतिक सचिव, म्हणजे एकाच जन्मात दोनदा निरुपयोगी. त्या दिवशी मुलीचा वाढदिवस होता. 'काहीतरी चांगलं करू या' असा झटका मला वर्षातून एकदा येतो आणि तो येऊ नये म्हणून बायको काळजी घेते. त्या वर्षी ती माहेरी गेली होती.

"मुलांसाठी थोडी केळी आणली होती," मी म्हणालो.

"कुठली मुलं?" बाईंनी चष्म्यावरून पाहिलं.

मी समोर शर्ट घेऊन बसलेल्या रांगेकडे हात केला.

"तो कडेचा मोहन गुप्ते. तिशी उलटलीय. रोज दाढी करून येतो, आणि तुमच्यापेक्षा नीट करतो. मुलं तुमच्या घरी असतील, त्यांना द्या."

"बाई, प्रेमाने आणलीत हो."

"प्रेम पुन्हा कधी येणार आहे? पुढच्या वर्षी? मला इथे रोज माणूस लागतो. कात्री धरता येते का?"

येते म्हणालो आणि पहिल्याच शर्टाच्या धाग्याबरोबर अर्धा कफ कापला. बाईंनी कफ उचलून उजेडात धरला. "सेक्रेटरी," त्या म्हणाल्या, "तुम्ही केळीच वाटा." माझं नाव त्यांनी नंतरही कधी विचारलं नाही. मी मात्र दर शनिवारी जाऊ लागलो. अपमानाची चटक लागते म्हणतात ती बहुधा हीच.

बाई उंच, किडकिडीत. खांद्याला रेक्झिनची पिशवी आणि चेहऱ्यावर, नुकतंच कुणीतरी मूर्खासारखं बोललंय असा भाव. बहुतेक वेळा कुणीतरी बोललेलं असायचंच. मानसशास्त्र पुण्यात शिकलेल्या, नवऱ्याच्या सरकारी नोकरीपायी दिल्लीत आल्या, तो गेल्यावर मुनिरक्यात दोन खोल्या घेऊन एकट्या राहिल्या. एकटेपण त्यांना फार आवडायचं. साहेबांच्या बायका ब्लँकेटं घेऊन आल्या की त्या विचारत, "मे महिन्यात?" आईवडील पोराला देवाची देणगी म्हणाले की म्हणत, "द्यायची होती तर विचारून द्यायची." एक गृहस्थ भारावून म्हणाले होते, "मैडम, आप बहुत महान काम कर रही हैं." बाईंनी लगेच सांगितलं, "बिल्कुल. कल से आ जाइए, नौ बजे." गृहस्थ नऊला आले नाहीत, पुढेही कधी दिसले नाहीत. एकदा कॉलेजातली एक साधी मुलगी मोहनला बटण लावताना पाहून रडली, तर बाईंनी तिला नळ दाखवून तोंड धुऊन घरी जायला सांगितलं. ती मुलगी चांगली होती, तिने काम केलं असतं. मी तसं म्हटलं तर बाई म्हणाल्या, "मग तुम्ही रडा तिच्यासाठी." हिशेब चुकला तरी तो परत मांडायचा नाही, हा त्यांचा दुर्गुण आणि तो मोठा होता.

मोहनचे वडील गुप्ते लक्ष्मीबाई नगरात आमच्या खालच्याच क्वार्टरमध्ये राहायचे. बायको वारलेली. ते निवृत्त व्हायला आले आणि घराला अवकळा आली. निवृत्तीनंतर काही महिन्यांत क्वार्टर रिकामं करायचं असतं. ते जाणार होते नाशिकला, थोरल्या मुलाकडे. सुनेने कळवलं होतं, बाबांना घेऊ, मोहनला नाही. मोहनचं आयुष्य दूधबूथ, केंद्र आणि कोपऱ्यावरचा न्हावी एवढ्यात छान बसवलेलं होतं. गुप्ते शहराबाहेर एक आश्रम पाहून आले. "स्वच्छ आहे," ते मला म्हणाले. "फाटकाला बाहेरून कुलूप असतं. पण स्वच्छ आहे."

बाईंनी उपाय काढला. मोहन आणि केंद्रातलेच आणखी तिघं मिळून एक फ्लॅट भाड्याने घेतील. सकाळी पोळ्या करायला कामवाली येईल, चार्टर्ड बसने चौघं कामावर येतील, संध्याकाळी कुणीतरी चक्कर टाकेल. दिल्लीत परवडेना, म्हणून नोएडा. तिथे तेव्हा शेतांत रातोरात सेक्टर उगवत होते आणि काल बेसनाचे लाडू खाणारी माणसं आज पिझ्झ्याबद्दल मत देत होती. भाटिया मॅडम नावाच्या एका शिक्षिकेचा फ्लॅट मिळाला. करार व्हायचा तेवढा राहिला होता.

इथे मी मदत केली.

माझा सगळा जन्म सरकारी क्वार्टरात गेलेला. आमच्याकडे भिंतीत खिळा ठोकायचा तरी आधी इन्क्वायरीत, म्हणजे डागडुजीच्या ऑफिसात, अर्ज द्यायचा असतो. चार माणसं राहायला जाणार आणि कुणाची परवानगीच नाही, हे माझ्या मनाला सहन होईना. मी बाईंना न सांगता सोसायटीच्या अध्यक्षांना अर्ज दिला, वर एका जॉइंट सेक्रेटरीची शिफारस जोडली, आणि भाषेला धार यावी म्हणून 'ईश्वर के ये अबोध बालक' असं लिहिलं. अध्यक्ष खन्ना. यांचा कूलरचा कारखाना होता आणि देशाने दारं उघडल्यापासून ते विलायती एसीची एजन्सी चालवत. त्यांना अर्ज फार आवडला. त्यांनी समारंभच ठेवला.

रविवारी सोसायटीच्या हिरवळीवर शामियाना, झेंडूच्या माळा, व्हिडिओवाला. अबोध बालक इस्त्रीचे शर्ट घालून स्टेजवर बसले. मोहनला वाटलं कुणाचं तरी लग्न आहे. तो नवरदेव शोधत होता. खन्नांनी भाषणात पुण्य, समाज आणि आपला एसी यांचा उल्लेख केला आणि प्रत्येकाच्या मांडीवर एक-एक कापसाचं अस्वल ठेवून डोक्यावरून हात फिरवला. "लो बेटा. खुश?" मोहनने अस्वल उलटं करून त्याची शिवण पाहिली आणि त्याचा लोंबणारा धागा खिशातल्या कात्रीने कापला. टाळ्या पडल्या.

मी बाईंकडे पाहायचं टाळलं. त्या उठून माइकपाशी गेल्या.

"खन्नाजी, ये लोग किराएदार हैं. किराया देंगे. किराएदार को हार नहीं पहनाते. बस इतना बता दीजिए, पानी कितने बजे आता है?"

खन्ना हसत म्हणाले, "मैडम, हम तो प्यार से..."

"वो बाद में. पहले पानी."

झालं. खन्ना त्यांच्याच जुन्या कूलरसारखे घरघरले. दुसऱ्या दिवशी भाटिया मॅडमचा फोन आला. सोसायटी नाराज आहे, फ्लॅट देता येणार नाही, सॉरी हां जी.

मी बाईंवर चिडलो. चिडण्याचा हक्क मला मुळीच नव्हता, तेव्हा आवाज जास्तच मोठा लागला. "एक अस्वल घेतलं असतं तर काय बिघडलं असतं? गुप्ते आश्रमाला पैसे भरायला निघालेत."

"अर्ज कुणी केला?"

"परवानगी..."

"तुम्ही लग्नाआधी शेजाऱ्यांची परवानगी घेतली होतीत? तुमच्या बायकोने घ्यायला हवी होती, वाचली असती." त्यांनी पिशवीचा बंद गुंडाळला. मग म्हणाल्या, "अस्वल घेऊन आत गेला असता, तर जन्मभर अस्वल घेऊनच बसावं लागलं असतं त्याला. चला, भाटियाकडे."

भाटिया मॅडमनी चहा दिला, पण मान हलवत राहिल्या. कुणी जबाबदार माणूस सोबत असता तर गोष्ट वेगळी होती. "मैं रहूँगी," बाई म्हणाल्या. मला ऐकून चहाचा ठसका लागला. ज्या बाईला स्वतःच्या घरात दुसऱ्याचा खोकला खपत नसे, ती चार पुरुषांबरोबर राहायला निघाली होती. करार त्यांच्या नावे झाला. गुप्त्यांनी क्वार्टरची किल्ली परत केली त्याच आठवड्यात मोहनची ट्रंक नोएडाला गेली.

बाई तिथे फोल्डिंगच्या खाटेवर राहिल्या. हिवाळाभर राहिल्या. रोज स्वतःला शिव्या घालत, मला घालत, त्रिलोक नावाच्या घोरणाऱ्याला घालत. गॅस, कुलूप, बस, आजारपणात फोन कुणाला, हे सगळं चौघांच्या अंगवळणी पडेपर्यंत त्या हलल्या नाहीत. खन्ना त्याच जिन्यात राहत, भेटले तर मान वळवत आणि चौकीदाराला सांगून ठेवत, एक तक्रार येऊ दे, मग बघतो. ती तक्रार येण्याची वाट सगळेच पाहत होतो. मग एके दिवशी बाईंनी खाट मिटली आणि त्या मुनिरक्याला निघून गेल्या. "झालं माझं," एवढंच.

वाचकाला आता वाटत असेल की मोहनने चोर पकडला किंवा खन्नांच्या नातवाला बुडताना वाचवलं. तसं काही झालं नाही. बुडायला तिथे पाणीच नव्हतं.

त्याच्या पुढच्या रविवारी बाई आणि मी बघायला गेलो. खालच्या मजल्यावरच आरडाओरडा ऐकू आला. वर खन्ना मोहनच्या दारात उभे होते. आली तक्रार, संपलं, असं म्हणून मी दोन-दोन पायऱ्या चढायला लागलो, तर बाईंनी मागून माझी बाही धरली.

"थांबा."

"अहो, तो त्याला हाकलेल."

"थांबा म्हणते ना."

पाण्याच्या मोटरवरून चाललं होतं. ती जिन्यातल्या सगळ्यांची एक, आणि आठवड्याची पाळी मोहनच्या फ्लॅटकडे होती.

"मोटर किसने बंद की?"

"मैंने," मोहनचा आवाज.

"क्यों?"

"टाइम हो गया."

"अरे, मेरे घर मेहमान आए हैं."

"मेरे घर भी आते हैं."

"भाईसाहब, बात करने की तमीज़ है आपको?"

"आपको है? घंटी इतनी बार क्यों बजाई? त्रिलोक सो रहा है."

मी बाईंकडे वळलो. "बाई, हे वाढेल."

"वाढू दे."

त्या भिंतीला टेकून उभ्या होत्या, डोळे मिटून, गाण्याच्या बैठकीत बसावं तशा. वर आणखी थोडं तोंड वाजलं, मोहनने टाकी भरल्यावर मोटर बंद करायची असते हे खन्नांना पुन्हा एकदा समजावलं, मग दार धाडकन लागलं. खन्ना लालबुंद होऊन खाली आले आणि आम्हाला पाहून थबकले. हिवाळाभर न बोललेलं त्यांना एकदम आठवलं नसावं.

"मैडम, ये जो गुप्ते है न आपका, बहुत झगड़ालू आदमी है. समझाइए उसको."

"मुझसे क्यों कह रहे हैं?" बाई म्हणाल्या. "उनसे कहिए. ऊपर ही रहते हैं."