कमिटीचा कोरम

आमच्या मुलुंडच्या सोसायटीचा सेक्रेटरी मी झालो, कारण त्या सभेला मी एकटाच वेळेवर गेलो होतो. बाकीचे उशिरा आले आणि टाळ्या वाजवून मोकळे झाले.

ऐंशीच्या दशकातली गोष्ट. कमिटी सात जणांची, आणि काहीही मंजूर करायचं तर निदान चार हजर हवेत. वार्षिक सभेचं बरं असतं. कोरम नसला तर अर्धा तास थांबायचं आणि आहेत त्यांना घेऊन उरकायचं. कमिटीला ती सवलत नाही. रविवारी सकाळी बोलवावं तर टीव्हीवर मालिका, संध्याकाळी बोलवावं तर सिनेमा. मी जिन्याखालच्या ऑफिसात वही उघडून बसायचो. अध्यक्ष यायचे, आम्ही दोघं चहा प्यायचो आणि घरी जायचो.

तळमजल्यावर गिरणीतून बाहेर पडलेले एक मालवणी काका राहायचे. मूलबाळ नव्हतं, नवरा-बायको दोघंच. आपल्यामागे जागा काकूंच्या नावावर व्हावी म्हणून त्यांनी नॉमिनेशनचा अर्ज भरून माझ्याकडे दिला. कमिटीपुढे ठेवून नोंद केली की झालं, पाच मिनिटांचं काम. मी तो वहीत घालून ठेवला.

"सेक्रेटरीनू, माझ्या कागदाचा काय झाला?" ते जिन्यात भेटले की विचारायचे.

"पुढच्या मीटिंगला, काका."

असे पाच महिने गेले. उरलेल्या पाचांच्या दारावर थाप मारून आणखी दोघांना खाली आणणं मला जड नव्हतं. पण मला त्या सगळ्याचाच कंटाळा आला होता. मग एका सकाळी काका दूध आणायला गेले आणि डेअरीपाशीच कोसळले, ते गेलेच.

तेरावं झाल्यावर गावाहून त्यांचा धाकटा भाऊ आला. जागा एकत्र कुटुंबाची आहे, असा त्याने अर्ज टाकला. त्या रविवारी सातही जण वेळेआधी हजर. मालिकेची कुणाला आठवणसुद्धा झाली नाही. मी काकांचा अर्ज काढून दाखवला.

"नोंद कुठाय?" खजिनदार म्हणाला. "नोंद नाय तर काय उपयोग, यार? उद्या कोर्टात आपली वाट लागेल."

काकू आणि दीर, दोघांनी कोर्टातून निकाल आणावा, तोवर जागा कुणाच्याच नावावर चढवू नये, असा ठराव सर्वानुमते झाला. त्या सभेच्या आधी मी एका दुपारी पेनचं टोपण काढून बसलो होतो. मागच्या तारखेची एक सभा लिहिली असती, तर अध्यक्षांनी न वाचता सही केली असती. मी लिहिली नाही. प्रामाणिक म्हणून नव्हे, घाबरलो म्हणून.

पुढची चार वर्षं काकू कोर्टात खेपा घालत राहिल्या. नोटीस आली की वाचून घ्यायला माझ्याकडेच यायच्या. एकदा खुर्चीत बसून त्या पाय चेपत होत्या, गुडघे पार गेले होते.

"ह्यांनीच कागद वेळेर दिवक नाय," त्या चिडून म्हणाल्या. "त्येंचा सगळा आज नको, उद्या. मेले आणि माका ह्या भोगूक लावल्यानी."

मी माझी चूक काकांच्या माथी तशीच राहू दिली आणि त्यांना पुढची तारीख वाचून दाखवली.